डोंगर आपला, उपग्रह दोघांचा

मागच्या अंकात अमेरिकेची नासा आणि आपली इस्रो यांनी मिळून बनवलेल्या नायसर उपग्रहावर लेख आला आणि त्यावर आलेली सगळी पत्रं संपादकांनी माझ्याकडे पाठवली. पुण्यात मी बरीच वर्षं भूगोल आणि दूरसंवेदन, म्हणजे उपग्रहांवरून जमिनीची माहिती घेण्याचं शास्त्र, शिकवलं, पावसाळ्यानंतर विद्यार्थ्यांना घेऊन सह्याद्रीच्या उतारांवर फिरले. त्यामुळे काही पत्रं वाचताना ती गावं डोळ्यांपुढे आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं न देता फक्त गाव आणि काम दिलं आहे.

प्रश्न : नायसर श्रीहरिकोट्याहून आपल्या रॉकेटनं गेला, पण बातम्यांत नासाचंच नाव मोठं दिसतं. यात आपलं फक्त रॉकेट आहे का?
— अकरावीची विद्यार्थिनी, देवरुख

उत्तर : नाही गं, रॉकेटपुरतं मुळीच नाही. नायसरवर दोन रडार आहेत. सुमारे 24 सेंटीमीटर लांबीच्या लहरींवर चालणारं एल-बँड रडार नासाच्या कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीनं बनवलं. साधारण 9 सेंटीमीटरच्या लहरींचं एस-बँड रडार इस्रोच्या अहमदाबादमधल्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचं आहे. हे सगळं ज्यावर बसवलंय तो उपग्रहाचा मूळ सांगाडा आपला, आणि 30 जुलै 2025 ला त्याला कक्षेत नेणारं जीएसएलव्ही एफ-16 सुद्धा आपलं. दोन्ही रडारांना अँटेना मात्र एकच आहे, 12 मीटर व्यासाची, जाळीदार. ती नासाची. दोघांपैकी एकाचा वाटा काढून घेतला तर उपग्रह कामच करणार नाही.

करार झाला 30 सप्टेंबर 2014 ला, टोरांटोमध्ये. पुढे अहमदाबादचं रडार कॅलिफोर्नियाला गेलं, तिथे दोन्ही रडार जोडून तपासले, आणि मार्च 2023 मध्ये ते सगळं विमानानं बंगळुरूला आलं. उड्डाण जवळ आल्यावर लक्षात आलं, की घडी घातलेल्या अवस्थेत अँटेना अपेक्षेपेक्षा जास्त तापू शकते. मग ती पुन्हा कॅलिफोर्नियाला पाठवली, तिच्यावर उष्णता परतवणारा लेप चढवला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ती बंगळुरूत परत आली. या उशिरावर टीका झाली. मला मात्र या सबंध प्रकल्पातला सर्वांत भरवशाचा भाग तोच वाटतो. अँटेना एका देशाची, उपग्रहाचा सांगाडा आणि रॉकेट दुसऱ्याचं, आणि तरी एका शंकेसाठी दोघंही थांबायला तयार झाले. असा विश्वास नुसत्या सहीनं येत नाही, त्याला वर्षानुवर्षं शेजारी बसून काम करावं लागतं.

प्रश्न : आमची वाडी डोंगराच्या कुशीत आहे. इर्शाळवाडीनंतर पावसाळ्यात रात्री झोप लागत नाही. दरड येणार हे हा उपग्रह आम्हाला आधी सांगेल का?
— अंगणवाडी सेविका, रायगड जिल्हा

उत्तर : ताई, आधी सरळ सांगते. काही उतारांच्या बाबतीत या उपग्रहाची खरी मदत होईल, पण आदल्या रात्री तुमच्या वाडीला जागं करेल असं यंत्र हे नाही. त्याच्या भरवशावर पाऊस काढू नका.

आता मदत कोणती, ते सांगते. हा उपग्रह दर 12 दिवसांनी त्याच मार्गावरून जातो आणि जमिनीवर रेडिओलहरी सोडतो. परत आलेली लहर मागच्या वेळच्या लहरीशी ताडून पाहिली, की जमीन काही सेंटीमीटर जरी सरकली असली तरी ते कळतं. ढग असोत की काळोख, फरक पडत नाही. हे तंत्र जुनंच आहे. युरोपचा सेंटिनेल-1 हा उपग्रह 2014 पासून हेच करतो. पण त्याच्या लहरी साडेपाच सेंटीमीटरच्या आसपासच्या, त्या झाडाच्या पानांवर आणि डहाळ्यांवरच आपटून परत येतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर डोंगर आठवड्याआठवड्याला बदलतो, रान माजतं. मागची लहर आणि आजची लहर यांचा मेळच बसत नाही, आणि नेमक्या पावसाळ्यात माहिती निरुपयोगी होते. नायसरच्या 24 सेंटीमीटरच्या लहरी पानांतून बऱ्याच अंशी आरपार जाऊन खोडापर्यंत, जमिनीपर्यंत पोचतात. कोकणासाठी आणि घाटासाठी मला हा उपग्रह महत्त्वाचा वाटतो तो यामुळेच. वर्षाला काही सेंटीमीटरनं हळूहळू घसरणारे उतार यात सापडू शकतील. त्यांची यादी तयार झाली तर वाडीचं पुनर्वसन आधी कुठे करायचं, रस्ता कुठून न्यायचा नाही, याला आधार मिळेल.

पण सगळ्या दरडी अशा नसतात. माळीणला 30 जुलै 2014 च्या सकाळी 151 माणसं गेली. तिथली माती मुसळधार पावसानं भिजून जड झाली आणि एकदम खाली आली. अशा दरडीचा खेळ काही तासांत संपतो. 12 दिवसांनी येणाऱ्या नजरेला ती आधी दिसेलच असं नाही. माळीण जागेवर नाही ही बातमी बाहेर आणली ती एसटीच्या चालकानं. नेहमीच्या वाटेनं आला आणि गाव दिसेना. इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगर आला, आणि ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्रानं 2023 मध्ये देशाचा भूस्खलन नकाशासंग्रह काढला. त्यात 17 राज्यं आणि 2 केंद्रशासित प्रदेशांतल्या सुमारे 80,000 दरडींची नोंद आहे. काम मोठं आहे, आणि तरीही त्यात येतात त्या कोसळून गेलेल्याच दरडी.

आणखी एक मर्यादा आहे. रडार सरळ खाली पाहत नाही, तिरकं पाहतं. त्यामुळे खड्या कड्याची एक बाजू त्याच्या सावलीत जाते. येताना आणि जाताना अशा दोन दिशांनी पाहिलं की बरीचशी भरपाई होते, पण अरुंद घळीतल्या वाड्यांबाबत शंका राहतेच.

म्हणून माझी विनंती अशी. डोंगराला नवी भेग दिसली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा आटलं, घराच्या भिंतींना तिरक्या चिरा गेल्या, तर पाऊस थांबायची वाट न पाहता मुलाबाळांसह तिथून हला आणि तहसील कार्यालयाला कळवा. आणि लहानशी दरड आली, कुणाचं काही नुकसान झालं नाही, तरी तारीख, वेळ, जागा आणि त्या दिवसाचा पाऊस लिहून ठेवा. हैदराबादेत किंवा कॅलिफोर्नियात बसलेल्या शास्त्रज्ञाकडे उपग्रहाची माहिती ढिगानं असते. उतार खरोखर कधी हलला, हे मात्र त्याला तुमच्याकडूनच कळणार. ही वही नसेल तर त्याचा नकाशा बरोबर की चूक, हे ठरवायला काही साधनच उरत नाही.

प्रश्न : परदेशी उपग्रह रोज आपल्या देशाची छायाचित्रं काढतात. त्यांना परवानगी कोण देतं? हे थांबवता येत नाही का?
— निवृत्त सुभेदार, सातारा

उत्तर : परवानगी लागत नाही. देशाची हद्द हवाई क्षेत्रापर्यंत जाते, अंतराळात नाही. 1972 मध्ये अमेरिकेनं पहिला लँडसॅट सोडला तेव्हापासून तुमच्यासारखीच शंका अनेक देशांनी संयुक्त राष्ट्रांत मांडली होती. बरीच वर्षं चर्चा चालली आणि 3 डिसेंबर 1986 ला महासभेनं दूरसंवेदनाची 15 तत्त्वं मान्य केली. ज्या देशाची प्रतिमा काढली त्याला नकाराधिकार मिळाला नाही. पण त्या प्रतिमा त्याला भेदभाव न करता आणि वाजवी किमतीत मिळाल्या पाहिजेत, आणि कुणाला येऊ घातलेली आपत्ती दिसली तर ती संबंधित देशाला कळवली पाहिजे, असं ठरलं. लष्करी उपग्रहांना हे लागू नाही. ही तत्त्वं निसर्गसंपत्ती, जमीन आणि पर्यावरण यांच्यापुरती आहेत.

आपण त्याआधीच वेगळा मार्ग धरला होता. हैदराबादजवळ शादनगरला 1979 मध्ये केंद्र उभं राहिलं आणि लँडसॅटच्या प्रतिमा आपण थेट उतरवून घेऊ लागलो. आपला स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-1ए 17 मार्च 1988 ला सोव्हिएत रॉकेटनं बैकोनूरहून गेला. आज आपलेही उपग्रह इतरांच्या जमिनीवरून जातात. सुभेदारसाहेब, सीमेची काळजी रास्त आहे, पण पिकं, पूर आणि जंगल यांची माहिती दडवून ठेवल्यानं शत्रूपेक्षा आपल्याच शेतकऱ्याचं नुकसान जास्त होतं, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : युरोपच्या उपग्रहाचे फोटो मोबाइलवर फुकट दिसतात असं कृषी मेळाव्यात सांगितलं. फुकट कशासाठी देतात? आणि माझ्या चार एकर सोयाबीनला त्याचा उपयोग किती?
— शेतकरी, बार्शी तालुका

उत्तर : उपयोगापासून सुरुवात करू. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाच्या प्रतिमेतला एक ठिपका जमिनीवर 10 मीटर बाय 10 मीटरचा असतो. म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. चार एकरांचे तुमचे साधारण 160 ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्यातला हिरवेपणा काही दिवसांच्या अंतरानं पाहता येतो. एखादा कोपरा बाकीच्या रानाच्या मागे पडतोय, हे बांधावरून दिसायच्या आधी इथे दिसू शकतं. का मागे पडतोय, हे मात्र उपग्रह सांगत नाही. पाणी साचलंय, पिवळा मोझॅक आलाय की पेरणीच विरळ झाली, ते रानात जाऊनच कळणार. आणि हा कॅमेरा आहे, रडार नाही, त्यामुळे ऐन पावसाळ्यात सलग ढग असले की आठवडेच्या आठवडे काही हाती लागत नाही. लँडसॅटचा ठिपका 30 मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांचा. लहान तुकड्यांसाठी तो ढोबळ पडतो.

आता फुकट का, ते सांगते. नेहमीच असं नव्हतं. अमेरिकेनं 1980 च्या दशकात लँडसॅटची विक्री खासगी कंपनीकडे दिली तेव्हा एका प्रतिमेची किंमत 4,400 डॉलरपर्यंत गेली होती. 1999 च्या लँडसॅट-7 ला ती 600 डॉलरवर आली. आम्ही शिकवत होतो त्या काळात विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय त्याच्या कुतूहलावर ठरत नसे, विभागाला कोणती प्रतिमा परवडते त्यावर ठरे. दहा वर्षांतला बदल दाखवायचा तर दोन प्रतिमा लागणार, आणि दुसरीसाठी पैसे नसत. चांगली मुलं त्यामुळे वेगळ्या विषयांकडे वळली, याचं मला आजही वाईट वाटतं.

2008 मध्ये अमेरिकेनं लँडसॅटचा सगळा संग्रह मोफत खुला करायचं ठरवलं. विक्रीच्या काळात सर्वांत चांगल्या वर्षी 25,000 च्या आसपास प्रतिमा गेल्या होत्या; खुलं केल्यावर वर्षभरात 10 लाखांहून जास्त उतरवल्या गेल्या. विकून जे मिळत होतं त्यापेक्षा कितीतरी मोठा फायदा वापरातून होतो, हे सरकारांना यातून दिसलं. युरोपनं सेंटिनेल मालिकेतला पहिला उपग्रह उडायच्या आधीच, 2013 मध्ये, मोफत धोरण जाहीर केलं. करदात्यांनी एकदा पैसे भरलेत, पुन्हा कशाला घ्यायचे, हा साधा विचार त्यामागे आहे. मार्च 2018 मध्ये युरोपीय आयोगानं भारताच्या अंतराळ विभागाशी करार केला. सेंटिनेलची माहिती भारताला सहज मिळावी, आणि आपल्या उपग्रहांची माहिती व जमिनीवरची मोजमापं त्यांना मिळावीत, असा तो दुतर्फी व्यवहार आहे.

आपण फक्त घेतो असं समजू नका. समुद्रावरचे वारे मोजणाऱ्या अमेरिकेच्या क्विकस्कॅट उपग्रहाची फिरती अँटेना नोव्हेंबर 2009 मध्ये बंद पडली. त्याच्या दोनच महिने आधी आपला ओशनसॅट-2 वर गेला होता. पुढची काही वर्षं अमेरिकेचे आणि युरोपचे हवामानतज्ज्ञ वादळांच्या अंदाजासाठी आपल्या उपग्रहानं मोजलेले वारे वापरत होते.

स्वतःच्या जमिनीच्या प्रतिमांबाबत मात्र आपण फार काळ हात आखडता ठेवला. 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची बंधनं सैल केली. 2023 च्या अंतराळ धोरणानं 5 मीटर आणि त्याहून ढोबळ प्रतिमा मोफत द्यायचं ठरवलं. हैदराबादच्या केंद्राच्या भूनिधी या पोर्टलवर नाव नोंदवून त्या घेता येतात. हे आणखी दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं.

प्रश्न : माझ्याकडच्या जुन्या सर्वेक्षण नकाशावरचं देऊळ मोबाइलच्या नकाशावर शंभरेक मीटर सरकलेलं दिसतं. चूक कुणाची?
— निवृत्त भूकरमापक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : कुणाचीच नाही. तुमचा जुना नकाशा जॉर्ज एव्हरेस्टनं 1830 मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेला आहे. तो आकार भारतीय उपखंडाला चांगला बसतो, पण त्याचा केंद्रबिंदू पृथ्वीच्या खऱ्या केंद्राशी जुळत नाही. मोबाइल वापरतो तो सबंध पृथ्वीसाठीचा आकार. दोन्हींतल्या फरकानं अक्षांश-रेखांश सरकतात.

सगळ्या जगाला लागू पडणारी ही चौकट एका देशाला ठरवताच येत नाही. क्वेसार म्हणजे फार दूरच्या, अतितेजस्वी दीर्घिकांची केंद्रं. त्यांच्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी वेगवेगळ्या खंडांवरच्या दुर्बिणी एकाच वेळी टिपतात, लेझरनं उपग्रहांचं अंतर मोजतात, आणि जगभरची जीपीएस केंद्रं अहोरात्र नोंदी पाठवतात. त्यांत आपली बंगळुरू आणि हैदराबादची केंद्रंही आहेत. कारण जमीन स्थिर नाही. भारताचा भूपट्ट दरवर्षी सुमारे 5 सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. म्हणजे 2000 साली नोंदवलेला बिंदू आज सव्वा मीटरहून जास्त पुढे आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं या चौकटीसाठी सर्व देशांनी मोजमापं खुली करावीत असा ठराव केला.

तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी : शंकू-साखळी या मोजणीच्या जुन्या साधनांनी झालेल्या गाव नकाशाची गोष्ट आणखी वेगळी. त्याला अक्षांश-रेखांशच नाहीत. मोबाइल हातात धरून बांधाचा वाद सोडवायला जाऊ नये. मोजणीचा अर्ज करावा. आता कॉर्स, म्हणजे सतत उपग्रहांचे संकेत टिपणाऱ्या कायम केंद्रांच्या आधारानं रोव्हर या हातात धरायच्या यंत्रानं मोजणी होते.

प्रश्न : 2019 च्या महापुरात आठवडाभर ढग होते. तेव्हा उपग्रहांना आमचा तालुका दिसत होता का? असं झालं तर दुसरे देश मदत करतात का?
— औषध दुकानदार, शिरोळ

उत्तर : रडारला दिसतं. सपाट पाण्यावरून लहर पलीकडे निसटते, परत येत नाही, म्हणून पूर प्रतिमेत काळा दिसतो. तुमच्या भागात अडचण उसाची. उंच उसात उभं असलेलं पाणी छोट्या लहरींच्या रडारला नीट दिसत नाही, आणि घरांच्या दाटीतलंही नाही. त्यामुळे नकाशावरचा पूर खऱ्यापेक्षा कमी दिसण्याचा धोका असतो. लांब लहरी इथेही उपयोगी पडतील.

दुसरी अडचण वेळेची. पाणी चढतं त्या वेळी नेमका कुठलातरी उपग्रह डोक्यावर असायला हवा. एका देशाचे उपग्रह त्याला पुरत नाहीत. म्हणून युरोपीय, फ्रेंच आणि कॅनडाच्या संस्थांनी अंतराळ आणि मोठ्या आपत्ती यांची आंतरराष्ट्रीय सनद केली. ती 1 नोव्हेंबर 2000 पासून कामाला लागली. 2001 मध्ये इस्रो सामील झाली. आपत्तीत अधिकृत यंत्रणेनं मागणी केली की सभासदांचे उपग्रह त्या जागेकडे वळतात आणि प्रतिमा विनामूल्य येतात. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत आपल्यासह श्रीलंका, इंडोनेशिया आणि थायलंडसाठी ती वापरली गेली. इतरांवर आपत्ती आली की आपल्या उपग्रहांच्या प्रतिमाही तशाच जातात. प्रतिमा आल्यावर ती तालुक्याच्या पातळीवर, बोट चालवणाऱ्यापर्यंत वेळेत पोचणं, हे मात्र आपलंच काम आहे आणि तिथे आपण अजून कमी पडतो.

प्रश्न : आमची शाळा आडगावी आहे. इंटरनेट अधूनमधून येतं. मुलांना या कामात भाग घेता येईल का?
— शिक्षक, धडगाव तालुका

उत्तर : येईल, सर. ग्लोब हा अनेक देशांतल्या शाळांचा कार्यक्रम आहे, भारत त्यात आहे. ग्लोब ऑब्झर्व्हर हे ॲप मोफत आहे. उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या वेळी मुलांनी आकाशाचे फोटो काढून ढगांचा प्रकार नोंदवायचा. उपग्रहाला ढग वरून दिसतात, मुलांना खालून. दोन्ही नोंदी ताडून शास्त्रज्ञ आपली पद्धत सुधारतात, आणि उपग्रहानं त्या वेळी काय पाहिलं ते शाळेला ई-मेलनं कळतं. सिग्नल नसेल तर नोंद फोनमध्ये साठते, नंतर पाठवता येते.

फोन नसेल तर पर्जन्यमापक ठेवा. झाडापासून आणि छपरापासून लांब, उघड्यावर, रोज सकाळी साडेआठलाच मोजायचा, कारण हवामान खात्याची वेळ तीच आहे. सुट्टीच्या दिवशी कोण मोजणार, ते आधी ठरवा. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. सातपुड्यात एका डोंगराच्या दोन बाजूंना वेगवेगळा पाऊस पडतो, आणि अशा नोंदी फार कमी आहेत. वर्षभराची वही भरली की तिची प्रत या सदराच्या पत्त्यावर पाठवा. उपग्रहांनी त्याच दिवसांत मोजलेल्या पावसाशी ती ताडून कशी पाहायची, ते मी मुलांना पत्रानं लिहून कळवीन.